‘स्पर्धा परिषद’ की ‘स्पर्धाक्षमता परिषद’?

प्रश्न दुहेरी आहे. युरोपीय संघाच्या ‘कॉम्पिटिटिव्हनेस कौन्सिल’ला ‘स्पर्धा परिषद’ म्हणावं का, आणि तिच्या बातम्यांत येणाऱ्या ‘एन्हान्स्ड कोऑपरेशन’ला ‘वाढीव सहकार्य’ चालेल का?

‘स्पर्धा परिषद’ नको. बाजारातली स्पर्धा निकोप ठेवणं, म्हणजे कंपन्यांची विलीनीकरणं तपासणं, संगनमताने ठरवलेले भाव पकडणं, हे काम युरोपीय आयोगाचं, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाचं. त्यासाठी तिथे वेगळा आयुक्त असतो. या परिषदेत सदस्य देशांचे मंत्री बसतात आणि युरोपातले उद्योग जगाच्या बाजारात टिकतील कसे, हे पाहतात. म्हणून ‘स्पर्धाक्षमता’. ‘स्पर्धात्मकता’ही रूढ आहे, पण स्पर्धात्मक म्हटलं की परीक्षा आठवते, कुवत नाही.

‘मंत्रिपरिषद’ही टाळावं, कारण त्यातून एका पंतप्रधानाच्या हाताखालचं मंडळ डोळ्यांपुढे येतं. इथे प्रत्येक मंत्री आपापल्या देशाचा, आणि अध्यक्षपद दर सहा महिन्यांनी दुसऱ्या देशाकडे जातं. शिवाय सभासद कायमचे नसतात. अंतर्गत बाजारपेठ, उद्योग आणि संशोधन या तीन वेगळ्या परिषदा 2002 मध्ये एकत्र केल्या, पुढे त्यात अवकाश आलं. त्यामुळे जसा विषय तसा मंत्री येतो.

आता ‘सहकार्य’. हा शब्द खरा अडचणीचा. बहुतेक विषयांत 55 टक्के देश आणि त्यांच्यामागे संघाची 65 टक्के लोकसंख्या असली की ठराव मंजूर होतो. सामाईक पेटंट, म्हणजे अनेक देशांत एकदमच लागू होणारा शोधावरचा हक्क, कोणत्या भाषांत द्यायचं, याला मात्र सगळ्यांचं एकमत लागतं. इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तिघींनाच मान मिळणार म्हटल्यावर स्पेन आणि इटली अडून बसले. (भाषाप्रेमींना त्यांची बाजू कळेल!) अखेर मार्च 2011 मध्ये याच परिषदेने 25 देशांना त्या दोघांना वगळून पुढे जायची मुभा दिली. त्या मुभेचं नाव ‘एन्हान्स्ड कोऑपरेशन’. किमान नऊ देश तयार असावे लागतात आणि बाकीच्यांना मागाहून सामील होता येतं. इटली 2015 मध्ये झालाही; स्पेन बाहेरच राहिला. जून 2023 पासून हे पेटंट मिळू लागलं.

‘वाढीव सहकार्य’ वाचून सगळ्यांनी आणखी जोमाने हात मिळवले असं वाटतं, आणि घडलेलं असतं नेमकं उलट. मी तरी ‘काही देशांपुरतं सहकार्य’ असं लिहीन. लांबलचक आहे, पण फसवत नाही.