आक्रमक झालेल्या पाळीव इग्वानाला शांत कसे करावे?

आपला हिरवा नर इग्वाना अडीच वर्षांचा असून गेल्या महिन्याभरापासून पिंजऱ्यात हात घातला की तो शेपटीचे फटके मारतो, एकदा अंगठ्याला चावलाही, असे आपण लिहिले आहे. आणि जाड हातमोजे घालून त्याला रोज बळेच धरून ठेवले तर हळूहळू सवय होईल का, असे विचारले आहे. माझ्याकडे एक नर इग्वाना नऊ वर्षे होता आणि त्याच्या शेपटीचे वळ मी मनगटावर अनेकदा मिरवले आहेत, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तसे कृपया करू नका. रानात या मोठ्या सरड्याला कोणी घट्ट पकडले तर त्याचा अर्थ एकच असतो, तो म्हणजे आता आपल्याला खाल्ले जाणार. बळाने धरलेला इग्वाना काही वेळाने निपचित पडतो, डोळे मिटतो, आणि तो माणसाळला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सुटका नाही हे कळल्यामुळे त्याने झगडणे थांबवलेले असते. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. तो डोळे मिटे तेव्हा मी त्याला कुरवाळत राही, आणि समोरचे नकोसे झाले म्हणूनही इग्वाना डोळे मिटतो हे मला फार उशिरा उमगले.

इग्वानाच्या आक्रमकपणामागे बहुधा भीती तरी असते किंवा विणीचा हंगाम तरी, आणि या दोहोंवरचे उपाय वेगळे असल्यामुळे आधी निदान करावे लागते. घाबरलेला इग्वाना प्रथम मागे सरकतो, जागा उरली नाही की अंग दोन्ही बाजूंनी चपटे करून आडवा उभा राहतो, गळ्याखालची कातडी ताणतो, फुत्कारतो आणि मगच फटका मारतो. हंगामातला नर मात्र मागे सरत नाही, तो आपल्याच दिशेने चालून येतो. त्याच्या पायांवर, मानेवर नारिंगी झाक चढते, मांड्यांच्या आतल्या बाजूला ओळीने असलेली छिद्रे फुगून त्यांतून मेणासारखा पदार्थ बाहेर येतो, खाणे कमी होते आणि डोके वरखाली हलवण्याचा वेग वाढतो. (संथपणे डोके हलवणे ही बहुतेक वेळा नुसती हजेरी असते, झटके देत, वेगाने हलवू लागला तर हात बाहेर काढावा.) नर साधारणपणे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान वयात येतो. आपल्या इग्वानाचे वय आणि बदलाचा अचानकपणा पाहता मला हंगामाची शंका अधिक वाटते, पण त्याच्या अंगावरचा रंग पाहून आपण ती पडताळावी. जाता जाता सांगतो, नाकातून फुस्सकन पाणी उडवणे हा राग नव्हे. रक्तातले जास्तीचे क्षार तो तसे बाहेर टाकतो आणि वाळल्यावर काचेवर पांढरे डाग राहतात.

कोणत्याही शिकवणीआधी पिंजरा तपासावा. ऊन खाण्याच्या फांदीवर सुमारे ३५ ते ३८ अंश सेल्सियस तापमान हवे, आणि अतिनील किरण देणारा दिवा त्याच्यापर्यंत काचेशिवाय पोचायला हवा, कारण साधी काच ते उपयोगी किरण अडवते. हा दिवा उजेड देत राहिला तरी त्यातले किरण कालांतराने क्षीण होतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, सामान्यतः ६ ते १२ महिन्यांत, तो बदलावा लागतो. हे किरण व कॅल्शियम कमी पडले तर हाडे ठिसूळ होऊन दुखतात, आणि दुखणाऱ्या अंगाला हात लावला तर कोणताही प्राणी चावेल. जबडा मऊ लागणे, पायांना सूज, बोटांना कंप यांपैकी काहीही दिसले तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. याच्या उलट एक गोष्ट नव्या पाळणाऱ्यांना चक्रावून टाकते: थंडीने गारठलेला किंवा कुपोषित इग्वाना फार 'शांत' असतो, आणि ऊब, उजेड व पाला नीट मिळू लागला की अंगात बळ येऊन तो फटके मारू लागतो. त्या वेळी आपले काही बिघडले असे मानू नये, उलट तब्येत सुधारल्याची ती खूण असते.

पिंजऱ्यात आरसा असेल किंवा रात्री काचेत त्याचे प्रतिबिंब पडत असेल, तर त्याच्या दृष्टीने एक प्रतिस्पर्धी नर सतत समोर ठाण मांडून बसलेला आहे. माझ्या इग्वानाचे एका कोपऱ्यातले वेड केवळ त्या बाजूच्या काचेला बाहेरून कागद लावल्याने दोन दिवसांत थांबले. तसेच इग्वानाच्या माथ्यावर एका फिकट खवल्याखाली तिसरा डोळा असतो. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड-सावलीचा फरक कळतो. वरून येणारा हात म्हणूनच त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा वाटतो. पिंजरा उंचावर ठेवावा, म्हणजे त्याची बसण्याची फांदी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडी वर येईल, आणि हात नेहमी बाजूने, खालच्या अंगाने न्यावा.

भीती घालवण्याचा मला साधलेला मार्ग कंटाळवाणा आहे. रोज ठरलेल्या वेळी पिंजऱ्याचे दार उघडून मी त्याच्याकडे अर्धी पाठ करून बसत असे आणि हळू आवाजात काहीतरी वाचत असे, कारण दोन्ही डोळ्यांनी रोखून पाहणारा प्राणी हा त्याच्या हिशेबी शिकारी असतो. माझा वापरलेला सदरा एका फांदीवर टाकलेला असे. हात आत ठेवायचा तो तळवा वर करून, त्याच्यापासून इतक्या अंतरावर की तो अंग चपटे करणार नाही. आणि तो स्वस्थ असतानाच हात काढून घ्यायचा, फटका मारल्यावर नव्हे, कारण फटका मारला की माणूस पळतो हा धडा तो एका दिवसात शिकतो. साधारण सातव्या आठवड्यात त्याने फांदीवरून खाली वाकून माझ्या अंगठ्याला जीभ लावली, थांबला, पुन्हा लावली, आणि एक पुढचा पाय तळव्यावर ठेवला. मी श्वास रोखून बसलो होतो. त्या दिवशी मी त्याला उचलले नाही, आणि आजही तोच निर्णय योग्य वाटतो. खाद्य मात्र बोटांनी भरवू नये; पाला ताटलीतच द्यावा, नाहीतर बोट आणि घास यांतला फरक पुसला जातो.

हंगामात यातले बरेचसे चालत नाही आणि ते चालवण्याचा हट्टही धरू नये. हा काळ वर्षातून साधारण एकदा येतो, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकतो, आणि त्या काळात पिंजऱ्याची साफसफाई करताना मध्ये एक पुठ्ठा धरणे एवढेच खरे उपयोगी पडते. जुने मऊ खेळणे किंवा गुंडाळलेला टॉवेल पिंजऱ्यात ठेवला तर पुष्कळ नर आपला जोर त्याच्यावर काढतात. पाहायला विचित्र वाटते, पण माणसाचा दंड वाचतो. लहान मुलांना या दिवसांत खोलीत सोडू नये, आणि त्याचा चेहरा आपल्या चेहऱ्याजवळ कधीही आणू नये. खच्चीकरणाचा सल्ला काही जण देतात. वयात येण्यापूर्वी केलेल्या शस्त्रक्रियेचा उपयोग होण्याची शक्यता अधिक, पण वागणे एकदा पक्के झाल्यावर त्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही.

चावलाच तर हात हिसकू नये. त्याचे दात करवतीसारखे कातरे असतात आणि खरे नुकसान ओढण्याने होते; डोक्यावर गडद कापड टाकून अंधार करावा आणि त्याने जबडा सैल करेपर्यंत थांबावे. जखम साबणाने भरपूर धुवावी, आणि ती खोल असेल तर डॉक्टरांना दाखवावी, कारण निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्याला हलवणे अगदी भाग असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळून, छाती व मागचे पाय आधारून उचलावे. शेपटीला धरू नये. ती तुटून हातात येऊ शकते आणि नवी उगवते ती आखूड व काळपट.

हातमोजे ठेवा, पण औषध देण्यासारख्या अडचणीच्या वेळेसाठी. आणि नारिंगी झाक पहिल्यांदा दिसली ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच्या महिनाभर आधीच त्याची नखे कापून घेता येतील.