‘हे शिकून पोरगी करणार काय?’

“मॅडम, डॉक्टर, इंजिनिअर, वकील कळतं. पण विकसनशील देशांचं राजकीय अर्थशास्त्र शिकून पोरगी करणार काय?”

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका कांदा उत्पादक वडिलांचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मुलगी राज्यशास्त्रात बी.ए. झालेली, लंडनच्या एका विद्यापीठात याच विषयाच्या वर्षभराच्या एमएस्सीला निवड झालेली. मी विद्यार्थ्यांना शिक्षणाचा सल्ला देते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो, विषयाचं नाव तेवढं बदलतं.

तिचा प्रवेशासाठीचा निबंध वाचला. दारिद्र्य, असमानता, जागतिकीकरण. कुठल्याही देशातल्या कुणीही लिहावा असा! मग मी तिला कांद्याबद्दल विचारलं आणि ती थांबेचना. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये उठली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त हवा, लासलगावच्या शेतकऱ्याला भाव हवा, मग सरकार कुणाचं ऐकतं आणि का? मध्येच वडिलांनी तिला अडवलं, “लाल कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही, हे सांग की. उन्हाळ कांदा असता तर भाव येईपर्यंत थांबलो असतो.”

मी त्यांना म्हटलं, “दादा, हेच शिकवतात तिथे.” घानात १९४७ पासून सरकारी मंडळ शेतकऱ्याकडून ठरवलेल्या भावाने कोको घेतं. तो भाव आणि जागतिक बाजारातला भाव यांतला फरक कुणाकडे जातो, हा प्रश्न आपल्या कांद्याच्याच घरचा. ते हसले, पण त्यांचा मूळ प्रश्न तसाच होता, आणि तो रास्तच होता.

नोकऱ्या आहेत: संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग, सरकारी योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या सल्लागार कंपन्या. सुरुवातीचा पगार आयटीसारखा नसतो, हे मी स्पष्ट सांगते. ‘युनोत लागेल’ हे स्वप्न मात्र मी कुणाला विकत नाही. मुलाखतीत पदवीच्या नावापेक्षा काम काय येतं ते बघतात. मी तिला विचारलं, बंदीच्या आधीचे आणि नंतरचे लासलगावचे भाव शेजारी मांडून दाखवशील? आगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव मिळतात, पण तिने ते कधी उघडलेच नव्हते. तिची खरी उणीव ही होती, आणि ती लंडनशिवायही भरता येते.

मग पैशाचं बोललो. परदेशी विद्यार्थ्यांची फी वीस हजार पौंडांच्या वर, शिवाय व्हिसासाठी लंडनच्या राहण्याखाण्याचे दरमहा सुमारे दीड हजार पौंड, नऊ महिन्यांचे, खात्यात दाखवायचे. सगळं मिळून चाळीस लाखांच्या घरात. वडील म्हणाले, शेत तारण ठेवू. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. त्यांना घर, फ्लॅट किंवा बिगरशेती प्लॉट लागतो. म्हणजे शेवटी एक तुकडा विकायचाच विचार चालला होता.

इथे मी तटस्थ राहत नाही. शिष्यवृत्ती नसेल तर या विषयाच्या एका वर्षासाठी जमीन विकू नये, असं माझं ठाम मत आहे. तिकडचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. नवखी मुलं ग्रंथालयाची वाट शिकेपर्यंत नोकरीचे अर्ज भरायची वेळ येते.

मुलगी गप्प बसली, मग चिडून म्हणाली, “म्हणजे जायचंच नाही?” जायचं, पण क्रम बदलून. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत किंवा बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात विकास अभ्यासाचं दोन वर्षांचं एम.ए. आहे. ‘टाटा’ची वाट सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जाते, अझीम प्रेमजीची स्वतःची परीक्षा आहे. दोन्हीकडे गरजूंना फीसवलत मिळू शकते. नंतर २,८०० तासांचा कामाचा अनुभव जमला की चेवनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. ती शिष्यवृत्ती फीसकट राहण्याचा खर्च देते, अट एवढीच की शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशात राहायचं.

तिने लंडनला नकार कळवायला दोन आठवडे घेतले. दरम्यान लासलगावच्या भावांचा तक्ता करून पाठवला. त्यात एका आठवड्याचे आकडे चुकले होते. ते वडिलांनी जुन्या बाजारपट्ट्या काढून दाखवून दिले. आता अझीम प्रेमजीच्या मुलाखतीची तयारी चालू आहे. वडिलांचा नवा प्रश्न वसतिगृहाच्या जेवणाचा आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.