सॅबोटाज म्हणजे घातपात? मुळात तर पाट्या टाकणं!

प्रश्न असा आलाय: 'सॅबोटाज' हा शब्द कामगारांनी यंत्रात लाकडी बूट फेकले त्यावरून आला का, आणि मराठीत त्याला 'घातपात' म्हणावं का.

बूट फेकायची गोष्ट पहिली डोक्यातून काढा बघू. कुठलंही मोटिव्हेशनल भाषण ऐका, ती ठरलेलीच. अहो, ज्याच्याकडे बुटांचा एकच जोड आहे तो माणूस तो यंत्रात घालून अनवाणी घरी कशाला जाईल? फ्रेंचमध्ये 'साबो' म्हणजे लाकडी बूट, इथपर्यंत ठीक. पण 'साबोते' या क्रियापदाचा अर्थ ते बूट घालून खडखड आवाज करणं आणि पुढे काम कसंतरी, गबाळ्यासारखं उरकणं. यंत्राचा संबंधच नाही. दुसरे एक विद्वान असतात त्यांना ही गोष्ट पोरकट वाटते, म्हणून ते सांगतात की रेल्वेच्या रुळाखालच्या पकडीलाही साबो म्हणत आणि 1910 च्या फ्रेंच रेल्वे संपात त्या तोडल्या त्यावरून शब्द आला. पण फ्रेंच कामगार चळवळीतल्या एमिल पूजे आणि मंडळींनी हा शब्द 1897 सालीच तुलूझच्या कामगार अधिवेशनात मंजूर करून घेतला होता, मग बारसं 1897 ला आणि जन्म 1910 ला असं का?

आता खरी मजा. पूजेला ही कल्पना मिळाली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या गोदी कामगारांकडून. 1889 साली त्यांनी संप केला तर मालकांनी खेड्यातून शेतमजूर आणून बोटी भरल्या, त्यांना धड चालता येईना बोटीवर, निम्मा माल हातातून पडायचा, तरी मालक म्हणे आम्ही या लोकांवर खूष आहोत. संप मोडला. मग युनियनने सांगितलं, जा कामावर, पण अगदी त्या शेतमजुरांसारखंच काम करा, मालकांना तेच आवडतंय ना! थोड्याच दिवसांत पगारवाढ मिळाली. माझं तर ठाम मत आहे की 'साबो' शब्द डोक्यात आला तो यामुळेच, लाकडी बूट घालणारा खेडवळ आणि त्याचं ते धडपडत काम. कोशवाले इतकं स्पष्ट लिहित नाहीत, त्यांना घाबरायची सवय असते.

हाच शब्द 1910 च्या आसपास अमेरिकेत पोचला. तिथे 1905 साली शिकागोत आयडब्ल्यूडब्ल्यू नावाची कामगार संघटना निघाली होती, तिच्या लोकांना वॉबली म्हणत (ही व्युत्पत्ती आणखी भानगडीची, परत कधीतरी). त्यांच्या एलिझाबेथ गर्ली फ्लिनने 1916 च्या पुस्तिकेत सॅबोटाजची व्याख्याच दिली, कामगाराने जाणूनबुजून आपली कार्यक्षमता काढून घेणं. म्हणजे काय? आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, पाट्या टाकणं! पाटी म्हणजे मातीची टोपली, रोजावरचा मजूर नुसत्या टाकत राहतो, खड्डा भरो न भरो. (काही जण ही शाळेतली पाटी समजतात, त्यांना माझा नमस्कार.) फरक इतकाच की आपला माणूस कंटाळून एकटा पाट्या टाकतो, वॉबली सगळे मिळून ठरवून टाकायचे.

कसं ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन-आयडाहो राज्यांच्या लाकूडतोड कॅम्पात बघा. दहा तासांचं काम, उवांनी भरलेले बंक, अंथरूण-पांघरूण स्वतःचं, पाठीवर बांधून कॅम्प ते कॅम्प फिरायचं. (त्याच पट्ट्यात काही वर्षं आधी आपले वर्ध्याचे क्रांतिकारक खानखोजे पंजाबी मजुरांमध्ये गदर पक्षाचं काम करत होते, पण असो.) 1917 च्या उन्हाळ्यात संप झाला, पैसे संपले, तेव्हा सप्टेंबरात सगळे कामावर परत गेले आणि आठ तास झाले की कुऱ्हाड ठेवून चालू पडायचे. हाकललं की दुसरा कॅम्प, तिथेही तेच. पहिलं महायुद्ध चालू, विमानांसाठी स्प्रूस झाडाचं लाकूड हवं, शेवटी लष्कराला जंगलात सैनिक पाठवावे लागले आणि 1 मार्च 1918 पासून आठ तासांचा दिवस मान्य झाला. एक झाड पेटवावं लागलं नाही. 1 मे ला कामगारांनी आपली ती वळकटी तेवढी जाळली.

मग यात घातपात कुठून घुसला? कायद्यातून. अमेरिकेच्या समाजवादी पक्षाने 1912 सालीच सॅबोटाजचा प्रचार करणाऱ्याला हाकलायचा नियम केला आणि पुढच्या वर्षी त्यावरून वॉबलींचा पुढारी बिल हेवूडला कार्यकारिणीतून काढलं. 1917 ला आयडाहोने कायदा केला, त्यात सॅबोटाज हिंसेच्या आणि दहशतीच्या शेजारी नेऊन बसवलं. 1918 ला शिकागोत न्यायाधीश लँडिसपुढे खटला चालला, शंभरच्या आसपास वॉबली दोषी, हेवूडला 20 वर्षं. मांजर आणि लाकडी बूट ही सॅबोटाजची खूण, त्यांचं चित्र असलेले स्टिकरसुद्धा त्यांच्याविरुद्ध पुरावा!

आणि याच्या उलट बघा. अमेरिकेतल्या लॉरेन्स गावच्या 1912 च्या कापड गिरणी संपात गावात डायनामाइट सापडलं, त्यातलं काही बूट दुरुस्तीच्या दुकानात. गाजावाजा झाला, हे संपवाल्यांचंच म्हणून. ठेवलं होतं कुणी, तर संप बदनाम करायला शाळा मंडळातल्या एका बड्या माणसाने. शिक्षा 500 डॉलर दंड. याला घातपात म्हणा, बिनदिक्कत म्हणा. पण रूळ उखडल्याच्या बातमीत आपले पत्रकार सॅबोटाज लिहितात तिथे 'घातपात' असा धडधाकट शब्द हाताशी असताना तो का टाळतात हे मला आजवर कळलेलं नाही.