ड्रम अँड बेसचा ‘फॅब्रिकलाइव्ह ५०’ हा मिक्स लोक डोक्यावर घेतात, मग मला तो रिकामा का वाटतो?

तुम्ही लिहिलंय की डीब्रिज आणि इन्स्ट्रा:मेंटल या ड्रम अँड बेस (वेगवान ड्रम आणि खोल बेसवर उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) करणाऱ्यांचा हा मिक्स, म्हणजे अनेक ट्रॅक न थांबता एकमेकांत मिसळून केलेलं सलग रेकॉर्डिंग, दोनदा ऐकला, दोन्ही वेळा तो ‘संथ, रिकामा, कुठेच न पोचणारा’ वाटला, आणि इतरांची मतं वाचून आपलंच काही चुकतंय का अशी शंका आली. मी हा मिक्स शेकडो वेळा ऐकलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सांगा, ऐकलात कशावर? फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकला असेल तर अर्धा मिक्स तुमच्यापर्यंत आलेलाच नाही. या संगीतातली बेसची खरी हालचाल ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास चालते आणि एवढासा स्पीकर तितका खाली उतरत नाही. मग कानावर पडतात ते सिंथेसायझरचे दोन-चार लांब सूर, अधूनमधून एक ‘टक्’, आणि बरीच शांतता. एरवीच्या गाण्यात बेस गेला तरी आवाज आणि गिटार गाणं सावरून धरतात. इथे बेस काढून घेतला की सावरायला कुणी उरत नाही.

माझंही तसंच झालं होतं. लॅपटॉपवर लावला आणि वीस मिनिटांत बंद केला. काही महिन्यांनी चांगले हेडफोन हातात आले तेव्हा सहज पुन्हा लावला. ज्या जागा मला मोकळ्या वाटल्या होत्या, तिथे एक खोल, गोल सूर सावकाश सरकत होता. तो थांबला की पोटात काहीतरी कमी झाल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी मी तो सलग दोनदा ऐकला.

आता ‘संथ’बद्दल. ड्रम अँड बेसचा वेग मिनिटाला साधारण १७० ठोके, म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम ०.३५ सेकंद. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या जंगल संगीतात, म्हणजे ड्रम अँड बेसच्या आधीच्या रूपात, एवढ्या वेगात तुकडे-तुकडे केलेले ब्रेक (जुन्या रेकॉर्डमधून उचललेले नुसत्या ड्रमचे तुकडे) ठासून भरलेले असायचे. त्यातला सगळ्यांत गाजलेला ‘आमेन ब्रेक’ म्हणजे द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमनने वाजवलेला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा. तो जलद करून, कापून, उलटसुलट जोडून एक अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. या मिक्समध्ये घड्याळ तेच आहे, पण स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो कडक ‘टक्’ आवाज, बरेचदा निम्म्या वेळाच पडतो. त्यामुळे मान ८५ वर डोलते आणि आतली बारीक टिकटिक १७० वरच धावत असते.

हे वाचून कळण्यातलं नाही, हाताने करून बघा. हेडफोन लावा, उजवा हात मांडीवर ठेवा आणि फक्त स्नेअर पडेल तिथे थाप द्या. ती थाप स्थिर झाली की डाव्या हाताच्या बोटांनी मधली टिकटिक पकडा. ठाय आणि दुगुन एकाच वेळी चालू आहेत हे आधी हातांना कळतं, कानांना मागाहून. एकदा ते सापडलं की ‘कुठेच पोचत नाही’ ही तक्रार माझ्यापुरती तरी मिटली, कारण मी मोठ्या ड्रॉपची, म्हणजे ताण वाढवून बेस आणि ड्रम एकदम कोसळतात त्या क्षणाची, वाट बघणं सोडून दिलं.

श्रोत्यांची मतं इतकी टोकाची का, हे समजायला थोडी पार्श्वभूमी लागते. फॅब्रिक हा लंडनमधला १९९९ साली सुरू झालेला क्लब. त्याच्या शुक्रवारच्या रात्रींवरून ‘फॅब्रिकलाइव्ह’ ही मिक्सची मालिका निघाली आणि २०१० साली तिचा पन्नासावा अंक या मंडळींकडे गेला. डीब्रिज त्याआधी बॅड कंपनी या चौकडीत होता. त्यांचं संगीत अंगावर येणारं, जड, नाचणाऱ्यांना दम न घेऊ देणारं. त्या नावावर भरवसा ठेवून ज्यांनी हा मिक्स घेतला, त्यांना आत निराळीच हवा मिळाली: थंड, धातूसारखी चकाकणारी, जुन्या इलेक्ट्रो आणि टेक्नोच्या वळणाची. त्यांची चिडचिड मला समजते. ‘हे ड्रम अँड बेसच नाही’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खूप वर्षं, खूप प्रेमाने हे संगीत ऐकत आलेला असतो. त्याला ‘तुला झेपलं नाही’ म्हणून उडवून लावणारे चाहते मला अजिबात पटत नाहीत. नाचायला लावणं ही काही कमी प्रतीची कला नव्हे.

मी मात्र या मिक्सच्या बाजूने आहे, आणि त्याचं मुख्य कारण सांधेजोड. भरगच्च ब्रेक असलेल्या मिक्समध्ये डीजेला ड्रम वाचवतात. दोन ट्रॅकचे सूर जरा विजोड असले तरी त्या गदारोळात खपून जातं. इथे ड्रम इतके विरळ की लपायला जागा नाही. एका ट्रॅकचा लांब सूर दुसऱ्याच्या सुरावर मिनिटभर पसरून राहणार असेल, तर दोघांची पट्टी जुळावीच लागते. शिवाय बेसचंही बघावं लागतं: दोन्ही ट्रॅकचे बेस एकदम वाजले तर नुसता चिखल होतो, म्हणून एकाचा खालचा भाग मिक्सरवर उतरवत दुसऱ्याचा चढवावा लागतो. ते कुठे घडतंय हे शोधायचा प्रयत्न करा. मला अजूनही काही ठिकाणी नेमकी जागा सापडलेली नाही.

म्हणूनच यातले ट्रॅक सुटे ऐकून मत बनवू नका. आणि तुमचं ॲप दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर थांबत असेल तर ते सेटिंग आधी बदला. त्या अर्ध्या सेकंदाच्या खाचेने अशा मिक्सचा जीव जातो.

उणीव आहेच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत भाव एकच, उदास आणि निळसर. मधल्या भागात मला दर वेळी वाटतं की आता कुणीतरी खिडकी उघडावी, आणि ती उघडत नाही. तुम्हाला ‘रिकामा’ म्हणताना हेच म्हणायचं असेल, तर तुमच्या ऐकण्यात काही खोट नाही.

एकदा हेडफोनवर, अंधारात किंवा चालताना, न थांबवता ऐका. तरीही नाहीच जुळलं तर सोडून द्या आणि केमिस्ट्री अँड स्टॉर्म या दोघी डीजेंचा १९९९ चा ‘डीजे-किक्स’ हा मिक्स लावा. ड्रम अँड बेसमधल्या गोल्डी या संगीतकाराबरोबर मेटलहेड्झ हे रेकॉर्ड लेबल उभं करणाऱ्या या दोघी. त्यांचा मिक्सही काळोखा आहे, पण ड्रम भरलेले, धावते, आणि जोड तितकेच नितळ. तो आला त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, केमिस्ट्री रस्ते-अपघातात गेली. तिच्या हातचं जे रेकॉर्ड झालं त्यातलं हे आपल्याला सहज ऐकता येतं. माझ्या हातात असतं तर तुम्हाला सुरुवातच त्याने करायला सांगितली असती, आणि ‘फॅब्रिकलाइव्ह ५०’ महिनाभराने दिला असता.