जावा स्विंग (जावात खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी): क्लिकने फोकस, म्हणजे कीबोर्डचं टायपिंग जिथे पोचतं ती जागा, बटणावर जाऊ नये, पण टॅब चालावा, यासाठी काय करू?

बटणाला ‘सेटफोकसेबल’ फॉल्स करू नका. मग टॅबनेही तिथे पोचता येत नाही आणि माउस न वापरणारा अडकतो. ‘सेटफोकसपेंटेड’चा इथे संबंधच नाही, त्याने फक्त आतली चौकट लपते, फोकस असतो तिथेच. तुम्हाला हवंय ते ‘सेटरिक्वेस्टफोकसएनेबल्ड’. ते फॉल्स केलं की क्लिकने फोकस हलत नाही, टॅबने मात्र जातो.

रविवार पेठेतल्या एका दुकानाच्या बिलिंगमध्ये मी हाच घोळ घातला होता. तिथला बारकोड स्कॅनर संगणकाच्या लेखी कीबोर्डच. ‘सूट’ बटण दाबलं की फोकस बटणावर जायचा आणि पुढचा बारकोड गायब! मालक एवढंच म्हणाले, “वही बरी होती हो.” वरच्या एका ओळीने काम झालं.

एंटरचंही बघून घ्या. मेटल रूपात (स्विंगचं स्वतःचं मूळ रूप) फोकस असलेलं बटण स्पेसने दाबलं जातं, एंटरने नाही. एंटर हवा असेल तर रूटपेनवर (खिडकीतल्या सगळ्या घटकांना धरणारा मूळ भाग) ‘सेटडिफॉल्टबटन’ लावा. पण टेक्स्टफील्डला अ‍ॅक्शन लिसनर (एंटर दाबल्यावर चालणारा कोड) असेल तर एंटर तिथेच खपतो, बटणापर्यंत येत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.