तुमचे प्रश्न: गूगलवर माझ्या लेखाचं नाव असं का दिसतं?

या वेळी आलेल्या पत्रांमधले चार प्रश्न घेतलेत, चारही जण ब्लॉग लिहिणारे आहेत आणि चौघांचंही दुखणं साधारण एकच आहे, की लेखाला आपण नाव एक देतो आणि गूगलवर दिसतं भलतंच.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, नाशिकरोडला राहते. ब्लॉगर या गूगलच्या फुकट ब्लॉग-सेवेवर बरीच वर्षं लिहितेय, दीडशेच्या आसपास लेख झालेत. ब्लॉगचं नाव 'गोदाकाठच्या आठवणी आणि इतर लेखन'. गूगलवर शोधलं की प्रत्येक लेखाच्या निळ्या ओळीत आधी हे लांबलचक नाव येतं आणि लेखाचं नाव सुरू होतं न होतं तोच तीन टिंबं. नातवाने खटपट केली, त्यालाही जमलं नाही.

उत्तर: बाई, तुमचा ब्लॉग उघडून बघितला. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरचा लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि मगच उत्तर लिहायला बसले. लेखाचं नाव 'पाणी कुठवर आलं?' पूर आला की अख्खं नाशिक हाच प्रश्न विचारतं, मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, छातीला लागलं का, आणि तुम्ही २००८ च्या सप्टेंबरमधल्या पुराचं जे लिहिलंय ते वाचताना काटा येतो. पण गूगलवर ते दिसतं कसं, तर 'गोदाकाठच्या आठवणी आणि इतर लेखन: पाणी...' आणि पुढे काही नाही. एवढा चांगला लेख आणि शोधणाऱ्याला पत्ताच नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

कारण सांगते. प्रत्येक पानाला एक टायटल टॅग असतो, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं त्याचं नाव, पानावर तो दिसत नाही, ब्राउझरच्या टॅबवर दिसतो. मोबाईलवर बघायचं तर क्रोममध्ये वरचा आकडा असलेला चौकोन दाबा, उघड्या पानांची यादी येते, त्यात प्रत्येक पानावर जे नाव दिसतं ते हेच. ब्लॉगरच्या जुन्या टेम्पलेटमध्ये, म्हणजे ब्लॉगच्या मांडणीच्या साच्यात, हा टॅग असा बांधलेला असतो की आधी ब्लॉगचं नाव, मग कोलन, मग लेखाचं नाव. गूगल अक्षरं मोजत नाही, स्क्रीनवर जेवढी रुंदी मावते तेवढं दाखवतं आणि पुढचं कापतं. तुमच्या ब्लॉगचं नावच सगळी जागा खाऊन टाकतं, लेखाचं नाव बिचारं दाराबाहेर.

यावर सोपा उपाय म्हणजे हा साचा, ज्याला आता थीम म्हणतात, तो बदलणं. ब्लॉगरच्या नव्या थीममध्ये लेखाच्या पानाच्या टॅगमध्ये नुसतं लेखाचं नावच येतं. थीमला हात लावायच्या आधी बॅकअप घ्या, त्याच थीमच्या पानावर बॅकअपचं बटण आहे, ते न करता पुढे जाऊ नका. हे मी अनुभवाने सांगतेय, मी एकदा कुठून तरी फुकट मिळालेली थीम चढवली होती आणि ती बनवणाऱ्याने टायटल टॅगमध्ये फक्त ब्लॉगचं नाव पक्कं टाकून ठेवलेलं, मग सहा महिने माझे सगळे लेख गूगलवर एकाच नावाने दिसत होते आणि बॅकअप नसल्यामुळे मागेही जाता येईना.

ब्लॉगचं नाव मग दिसणारच नाही का, असं वाटेल तुम्हाला. तर २०२२ पासून मोबाईलवर आणि नंतर कॉम्प्युटरवरही गूगल साइटचं नाव निळ्या ओळीच्या वर छोट्या अक्षरात वेगळं दाखवतं, त्यामुळे प्रत्येक लेखाच्या नावात ते परत कोंबायची गरज उरलेली नाही.

आणि एक विनंती. 'पाणी कुठवर आलं?' हे नाव काढू नका, ते सुंदर आहे, पण त्याच्यापुढे थोडं जोडा. 'पाणी कुठवर आलं? दुतोंड्या मारुती आणि २००८ चा पूर' असं केलंत तर नाशिकबाहेरच्या माणसालाही कळेल आत काय आहे. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉग-सेवेवाल्यांना प्लगइनमधून, म्हणजे वरून बसवलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, गूगलसाठी वेगळं आणि पानावर वेगळं नाव ठेवता येतं, ब्लॉगरवर दोन्ही एकच असतात, म्हणून हा मधला मार्ग. जुन्या लेखांचं नाव बदललं तरी लिंक बदलत नाही, घाबरू नका. दीडशे लेख एका दमात करायचे नाहीत, जे दहा-पंधरा लोक जास्त वाचतात ते आधी.

बदल गूगलवर लगेच दिसत नाही, काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. घाई असेल तर सर्च कन्सोल या गूगलच्या साइटवाल्यांसाठीच्या फुकट साधनात यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये लेखाची लिंक टाकून परत इंडेक्स करायची, म्हणजे पान नव्याने वाचून नोंदवायची, विनंती करता येते.

प्रश्न: पिंपळगावला आमची द्राक्षबाग आहे. वर्डप्रेसवर मराठीत लिहितो, पण कुणीतरी सांगितलं की टायटल इंग्रजी अक्षरात ठेवलं तर जास्त लोक येतात, म्हणून द्राक्षावरच्या डावणी रोगाच्या लेखाचं 'ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी' हे नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकलं. गूगल ते दाखवतच नाही, आतलंच काहीतरी उचलून दाखवतं. आपण दिलेलं नाव दाखवायला त्यांना भाग पाडता येत नाही का?

उत्तर: भाऊ, भाग पाडता येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. गूगल टायटल टॅग बघतं, पानावरचं मोठं शीर्षक बघतं, दुसऱ्या साइटवरून कुणी लिंक दिली असेल तर त्या लिंकचे शब्दही बघतं आणि त्यातून स्वतः ठरवतं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ही पद्धत बदलली तेव्हा जगभर ओरड झाली, मग सप्टेंबरमध्ये त्यांनीच सांगितलं की साधारण ८७ टक्के वेळा टायटल टॅगच वापरतो. म्हणजे आपलं नाव नीट असेल तर बहुतेक वेळा तेच राहतं.

तुमचं का राहिलं नाही तर लेख देवनागरीत आणि नाव इंग्रजी अक्षरात. पानाचा मजकूर ज्या भाषेत आणि ज्या लिपीत असेल त्याच लिपीतलं नाव गूगल शोधतं, न जुळणारं नाव बाजूला ठेवतं. मला तर हे फार बरं वाटलं. आपला शेतकरी आता फोनवर बोलून शोधतो, 'डावणी आली काय मारू' असं मराठीतच बोलतो आणि ते देवनागरीत उमटतं. तुम्ही सरळ 'ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आली तर काय करायचं' असं लिहा, टायटल टॅगमध्येही तेच आणि पानावरच्या शीर्षकातही तेच. दोन्ही एक बोलायला लागले की गूगलला तिसरं काही शोधायचं कारण राहत नाही. शब्द पण बागेतलेच ठेवा, डावणी, भुरी, घड, पुस्तकी शब्द घातले तर बागवाला शोधणार कसा.

इंग्रजी अक्षरं लिंकमध्ये चालतील, तिथे उलट सोयीची पडतात, कारण मराठी लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब शेपटी होते.

प्रश्न: मी इंदिरानगरचा, गड-किल्ल्यांवर लिहितो. 'हरिहर गड ट्रेक २०२१ हरिहर किल्ला नाशिक हरिहर ट्रेक माहिती' असं टायटल होतं. आता पोस्टमध्ये २०२५ केलं, तरी टॅबवर २०२१ च येतं, गूगल कधी हे दाखवतं कधी ते.

उत्तर: तुमच्या एसईओ प्लगइनमध्ये, म्हणजे लेख गूगलवर नीट दिसावा म्हणून बसवलेल्या प्लगइनमध्ये, टायटलचा वेगळा चौकोन असतो, तिथे २०२१ हाताने लिहिलेलं राहिलंय, पोस्टचं नाव बदललं तरी तो चौकोन आपोआप बदलत नाही. तिथलं काढा. आणि वर्ष हवंच कशाला, हरिहरच्या पायऱ्या दर वर्षी बदलतात का? परवानगी, गर्दीचे नियम असं काही सांगायचं असेल तर ते आत तारीख टाकून लिहा.

हरिहर तीनदा लिहिल्याने काही मिळत नाही, उलट असं भरताड नाव दिसलं की गूगल स्वतःच ते बदलायची शक्यता वाढते. त्याच जागेत कामाचं सांगा. 'हरिहर उर्फ हर्षगड: निरगुडपाड्याहून जावं की हर्षेवाडीहून' हे नाव मला दिसलं तर मी नक्की उघडेन, कारण कुठल्या गावातून चढायचं, पहिल्यांदा जाणाऱ्याला तेच हवं असतं. मुद्द्याचा शब्द सुरुवातीला ठेवा, म्हणजे शेपूट कापली गेली तरी नुकसान नाही. फक्त हे करताना लिंक बदलू नका, लोकांनी जिथे जिथे ती दिली असेल तिथून येणारा माणूस रिकाम्या पानावर पोचू शकतो.

प्रश्न: गूगलवर नाव बरोबर झालं, पण व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की जुनंच नाव येतं. (सातपूर)

उत्तर: ते वेगळ्या टॅगमधून येतं, ओजी टायटल म्हणतात त्याला, प्लगइनमध्ये 'सोशल' नावाच्या भागात सापडेल. तिथे बदला, मग फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून पुन्हा वाचायला लावा. व्हॉट्सॲप जुनं नाव काही काळ साठवून ठेवतं, म्हणून ग्रुपवर पाठवायच्या आधी लिंक स्वतःलाच एकदा पाठवून बघा.