पाकशंका : जमैकाचा जर्क मसाला

प्रश्न : जर्क मसाला मूळचा कुठला? नाव कशावरून पडलं?

जमैकाचा. १६५५ साली इंग्रजांनी हे बेट स्पेनकडून घेतलं, तेव्हा स्पॅनिशांचे आफ्रिकी गुलाम डोंगरांत निसटले. पुढे मळ्यांतून पळालेलेही त्यांना मिळाले. हेच मरून लोक. १७३९ मध्ये इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. रानडुकराच्या मांसाला मसाला चोळून मंद धगीवर धुरी देण्याची रीत, म्हणजेच जर्क, त्यांची, आणि तिचा धागा बेटावरच्या मूळ ताइनो लोकांपर्यंत जातो. नाव दक्षिण अमेरिकेतल्या क्वेचुआ भाषेतल्या ‘चार्की’वरून, म्हणजे सुकवलेलं मांस. मसाल्यातला सोया सॉस मात्र नंतरची भर. जर्कसाठी आज पोर्टलंड परगण्यातलं बॉस्टन बे प्रसिद्ध आहे.

प्रश्न : एक किलो चिकनसाठी प्रमाण द्याल का?

कोरडी पूडही मिळते, पण घरी करायचं तर वाटणच करा.

ऑलस्पाइसचे दाणे (ओळख पुढच्या उत्तरात) १ टेबलस्पून आणि मिरे १ टीस्पून मंद आचेवर वास सुटेपर्यंतच गरम करून कुटा. त्यात अर्धा टीस्पून दालचिनीची पूड आणि पाव जायफळ किसून घाला. मग ६-७ पातीचे कांदे पातीसकट, लसणाच्या ६ पाकळ्या, इंचभर आलं, २ स्कॉच बॉनेट मिरच्या, ताज्या थाइमची पानं १ टेबलस्पून (सुकी असल्यास १ टीस्पून), गूळ, सोया सॉस आणि तेल प्रत्येकी २ टेबलस्पून, एका लिंबाचा रस, दीड टीस्पून मीठ. मिक्सरमध्ये भरडसर फिरवा. पाणी अजिबात नको. पातळ वाटण मांसावर न बसता ताटलीत उतरतं.

स्कॉच बॉनेट नसेल तर हाबानेरो घ्या. लवंगीने तिखटपणा येईल, पण तो फळासारखा गोडसर वास येणार नाही. थाइम नसेल तर चिमूटभर ओवा चालतो, दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं. चिमटीपेक्षा जास्त पडला की मात्र भज्यांचा वास येतो!

प्रश्न : दुकानदाराने ऑलस्पाइस म्हणून कबाबचिनी दिली. चालेल?

कबाबचिनी म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकतात, तेव्हा आधी दाणा हातात घेऊन बघा. बारीक देठ चिकटलेला असेल तर ती कंकोळ, वेगळीच वस्तू. ऑलस्पाइसला देठ नसतो. दाणा मिऱ्यापेक्षा मोठा, तपकिरी, टोकाला बारीकशी गोल कडी, आणि फोडला की आत दोन बिया. नावामुळे अनेकांना हे गरम मसाल्यासारखं मिश्रण वाटतं, पण ते एकाच झाडाचं फळ आहे. कोकणात परसात ‘सर्वसुगंधी’ म्हणून लावतात ते हेच झाड. जमैकात त्याचंच लाकूड जाळून जर्कला धुरी देतात. तुमच्याकडे झाड असेल तर ट्रेमध्ये ८-१० पानं पसरून त्यांवर चिकन ठेवा. धुराची बरोबरी होणार नाही, पण वास पुष्कळ जवळ जातो.

प्रश्न : चिकन बाहेरून काळं होतं, आतून कच्चं राहतं. कुठे चुकतं?

आच मोठी आहे. गूळ आधी करपतो, हाडाजवळ उष्णता पोचतच नाही. तंगड्यांना हाडापर्यंत चिरा द्या, वाटण चिरांत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. भाजताना वरचा जाड थर पुसून काढा. ओव्हन १८० अंशांवर, साधारण ४५ मिनिटं. मग ५ मिनिटं २२०. हाडाजवळ ७४ अंश सेल्सिअस तापमान आलं की झालं. कोळशावर करायचं तर निखारे एका बाजूला, चिकन दुसऱ्या बाजूला आणि वर झाकण. काळपट कडा हव्यातच, पण कडू नकोत.

आणखी एक : लिंबाचा रस वाढवू नका. रात्रभरात बाहेरचं मांस पिठूळ होतं.

प्रश्न : उरलेलं वाटण किती टिकतं?

फ्रिजमध्ये आठवडाभर, बर्फाच्या ट्रेत गोठवून तीन महिने. वर तेल आहे म्हणून बाहेर ठेवू नका; तेलाखालच्या कच्च्या लसणात घातक जिवाणू वाढू शकतात. कच्च्या चिकनला लागलेलं वाटण टाकूनच द्या. मिरच्या चिरताना हातमोजे घाला. तरी हात झोंबलेच तर आधी तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्याने तिखट निघत नाही.